'बेनेव्होलंट सेक्सिझम'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: सेक्सिझम, म्हणजे लिंगावरून होणारा भेदभाव, मोजणाऱ्या एका प्रश्नावलीचं मराठी करतेय. ग्लिक आणि फिस्क या मानसशास्त्रज्ञांची, १९९६ची. २२ विधानं : ११ उघड आकसाची, ११ 'बेनेव्होलंट', म्हणजे वरवर मायेची पण स्त्रीला दुबळी मानणारी. मी 'परोपकारी लिंगभेद' लिहिलं. आई म्हणाली, "परोपकार कोण करतंय, आणि कुणावर?" पण 'पुरुषांनी स्त्रियांना जपावं' हे विधान वाचल्यावर तिनंच 'पूर्ण सहमत'वर टिक केली. दुसरा शब्द सुचवा.

अडकित्ता: मुळात 'लिंगभेद' चूक. भेद म्हणजे नुसता फरक. अन्याय कुठे आला त्यात? लिंगाधारित पूर्वग्रह म्हणा. ग्रह म्हणजे पकडणं. आग्रह, विग्रह, ग्रहण सगळे त्याच कुळातले.

शेवंता: कुळ राहू दे, काका. 'मायेचा दुजाभाव' कसं वाटतं? साइटवर जायची वेळ आली की आमचे साहेब म्हणायचे, "ताई, तुम्ही कशाला उन्हात?" मलाही बरं वाटायचं. बढतीच्या वेळी मात्र 'साइटचा अनुभव नाही'.

खलबत्ता: किस्सा चपखल, शब्द नाही. दुजाभाव म्हणजे परकं मानणं. इथे तर जरा जास्तच आपलं मानतायत.

माजघर: दुजाभावावरून पंक्तिप्रपंच आठवला. एकाच्या भातावर तुपाची धार, शेजारच्याच्या भातावर थेंब. 'क्लासिझम'ला, म्हणजे वर्गावरून होणाऱ्या भेदभावाला, हाच शब्द घ्या की. आमच्याकडे कामाच्या मावशींचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत पालथा. दिवाळीला साडी मात्र न चुकता.

खलबत्ता: तो कप वर्गाचा की जातीचा?

माजघर: आई म्हणते, आम्ही असलं काही मानत नाही.

खलबत्ता: म्हणूनच विचारलं. शिवाय पंक्तिप्रपंच पंगतीत बसलेल्यांमध्ये होतो. ज्यांना पंगतीत बसूच दिलं नाही त्यांच्यासाठी तो शब्द कसा चालेल?

अडकित्ता: प्रपंच म्हणजे संसार ना? इथे काय संबंध?

माजघर: संस्कृतात प्रपंच म्हणजे पसारा, आणि कपटसुद्धा. आमच्या आजीच्या मते दोन्ही एकच.

रानजाई: मंडळी, मला परवा प्रश्नावली द्यायचीय! तूर्त 'कनवाळू लिंगवाद' लिहितेय.

शेवंता: कनवाळू आवडलं. आमच्या साहेबांना अगदी शोभेल.

अडकित्ता: 'वाद' कशाला? वाद म्हणजे तत्त्वज्ञान, अद्वैतवाद वगैरे. याला कसलं आलंय तत्त्वज्ञान!

खलबत्ता: मग जातीयवादाचं काय करायचं?

अडकित्ता: तो वेगळा धागा काढा. आणि कणवेवरून आला असेल तर 'कणवाळू' हवं ना?