इंट आणि डबलसाठी कंपॅरेटर: साधा, खात्रीचा मार्ग सुचवा

रात्रपाळी: हापिसात जावा 8 आहे, पुढे जायचं नाव नाही, बाहेरची लायब्ररी चालणार नाही. खात्यांची यादी आधी शिलकीवर (डबल, दशांशवाला आकडा), मग शाखा क्रमांकावर (इंट, पूर्णांक) लावायचीय. जुन्या कोडमध्ये कंपॅरेटर (दोन नोंदींत आधी कोण ते ठरवणारा कोड; उत्तर उणे आलं की पहिली आधी) म्हणून सगळीकडे नुसती वजाबाकी आहे. ठेवू की बदलू?

जुनं_खोड: ठेवा. सी मध्ये क्यूसॉर्टला (यादी लावणारं फंक्शन) आम्ही जन्मभर वजाबाकीच दिली. काही बिघडलं नाही.

पाटीटाक्या: आकडे लहान होते म्हणून. 200 कोटीतून उणे 200 कोटी वजा करून बघा. इंट 2147483647 पर्यंतच जातो, उत्तर येतं -294967296. म्हणजे मोठा आकडा यादीत आधी! इंटीजर.कंपेअर वापरा, जावा 7 पासून आहे.

गोट्या: जावा सोडा, कोटलिन भाषेला या राव.

रात्रपाळी: @गोट्या, जावा 8 म्हटलंय वर.

गोट्या: म्हणूनच. नाहीतर नोकरी बदला.

जुनं_खोड: शाखा क्रमांक उणे कधीपासून व्हायला लागले? दोन्ही धन असतील तर वजाबाकी मर्यादेबाहेर जातच नाही.

मैना: इंटीजर.कंपेअरला +1. (वर आलंय बहुतेक.) दोन्ही निकष एकत्र हवेत तर कंपेअरिंगडबल आणि त्याला जोडून देनकंपेअरिंगइंट. जावा 8 मध्येच आलंय.

मुक्ता: शाखेचं सोडा हो, डबल बघा. 2.5 वजा 2.1 इंटमध्ये कोंबलं की 0, म्हणजे दोन्ही खाती सारखी! आणि एखादं नॅन ('नॉट अ नंबर', आकडाच नसलेली किंमत) घुसलं की लहान-मोठं दोन्ही तुलना खोट्या, हाताने लिहिलेला कोड त्याला सगळ्यांच्या बरोबरीचं ठरवतो. आमच्याकडे ऐन महिनाअखेरीस 'जनरल काँट्रॅक्ट' वाली एक्सेप्शन (कंपॅरेटर नियम मोडतोय अशी तक्रार) आली, टेस्टमध्ये कधी दिसली नव्हती. डबल.कंपेअर नॅनला सर्वांत मोठं धरतं, -0.0 ला 0.0 च्या आधी.

पाटीटाक्या: मुळात पैसे डबलमध्ये कोण ठेवतं??

जुनं_खोड: सगळे ठेवतात. बोलत नाहीत.

रात्रपाळी: धन्स मंडळी. दोन्हीकडे सरळ इफ-एल्स लिहितोय: लहान तर -1, मोठं तर 1, नाहीतर 0. साहेबांना रिव्ह्यूत तेवढंच कळतं. डेटाबेसचा रकाना डेसिमल आहे, नॅन येत नाही.

मुक्ता: मध्ये कुठे भागाकार नाही ना? शून्य भागिले शून्य झालं की आलंच.

रात्रपाळी: सरासरी शिलक काढतो खरं. पण ती यादी वेगळी आहे.

मैना: तिथे तरी डबल.कंपेअर घाला.

पाटीटाक्या: आणि टेस्टला मोठी यादी घ्या. 32 पेक्षा कमी नोंदींवर टिमसॉर्ट (जावाची यादी लावायची पद्धत) मर्ज, म्हणजे लावलेले तुकडे जोडणं, करतच नाही; ती एक्सेप्शन तिथेच येते, मग चूक दिसणार कुठून.