जुन्या पद्मिनीच्या कार्ब्युरेटरपाशी पेट्रोल पाझरते. नळी बसवताना काय चुकते?

प्रश्न (निपाणी)

सप्रेम नमस्कार. वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या घरी अजून चालती आहे आणि ती तशीच राहावी, अशी मनापासून इच्छा आहे. इंजिनावरील पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी मी दोन महिन्यांत दोनदा बदलली. दोन्ही वेळा बाजारात मीटरवर मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घातली आणि क्लिपा घट्ट आवळल्या. पंधरा दिवस बरे जातात, मग कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ओल दिसू लागते आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येतो. शिवाय सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि तवंदी घाट चढताना गाडी मध्येच दम सोडते. क्लिप आणखी आवळली की गळती वाढते, याचे कारण मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)

क्लिप कमी आवळली गेल्यामुळे आपली गळती होत नाही. यांत्रिक पंप साधारण २ ते ४ पीएसआय दाबाने पेट्रोल पाठवतो. टायरमधील हवेच्या मानाने हा दाब जेमतेम दहावा हिस्सा भरेल. एवढा दाब अडवायला ताकद लागत नाही, नळीची आतली बाजू धातूच्या तोंडावर सगळीकडून सारखी टेकावी लागते. पारदर्शक नळी पेट्रोलने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होते. अशी कडक नळी स्क्रूच्या क्लिपने आवळली की तिचा गोलपणा जाऊन ती अंडाकृती होते, आणि बरोबर स्क्रूखाली फट उरते. आवळल्यावर गळती वाढते ती यामुळे.

रबरी होज घेताना तिच्या अंगावर एसएई जे-३० आर-९ (इंधनाच्या होजची एक प्रत) असे छापलेले पाहून घ्यावे. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या प्रतीचे रबर त्याने फुगते किंवा त्याला भेगा पडतात. आर-९ होजच्या आत फ्लोरोइलॅस्टोमरचा, म्हणजे इंधनाला दाद न देणाऱ्या खास रबराचा, थर असल्यामुळे ती टिकते. (हे इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांतही तयार होते, तेव्हा ते टाळता येईल अशी आशा धरू नये.) आमच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकची होज सहज मिळते, आणि ती जाड व जाळीदार असल्याने भरवशाची वाटते, पण तिचे आतले रबर तेलासाठी बनवलेले असते, म्हणून ती पेट्रोलला मुळीच लावू नये.

काम इंजिन थंड असताना, उघड्या जागेत, बॅटरीची तार काढून करावे. जुनी नळी पिरगळून ओढू नये, तिला लांबीने चीर द्यावी. मात्र पात्याचा ओरखडा धातूवर उठू देऊ नये, कारण लांबीच्या दिशेने पडलेल्या बारीक रेघेतूनही पेट्रोल वाट काढते. धातूच्या नळीच्या टोकाजवळ एक गोल उंचवटा असतो. होज निदान २५ मिलिमीटर आत सरकवावी आणि क्लिप त्या उंचवट्याच्या पलीकडे, होजच्या कडेपासून थोडी आत बसवावी. क्लिप नेमकी उंचवट्यावर बसवणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. पूर्वी कोणी नळी कापून तो उंचवटाच घालवला असेल, तर तो पुन्हा तयार करून घ्यावा. क्लिप शक्यतो अखंड पट्टीची, कडा वळवलेली घ्यावी. भोके पाडलेली पट्टी रबरात रुतते.

कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जाते असा बोल्ट) असेल, तर त्याला दोन वॉशर लागतात, एक वर आणि एक खाली, आणि दरवेळी ते नवे घालावेत. तांब्याचे जुने वॉशर वापरणे भागच पडले, तर ते गाडीपासून दूर, लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावेत, म्हणजे पुन्हा मऊ होतात. एका पान्याने तोंड धरून दुसऱ्याने बोल्ट फिरवावा. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. तिचे तंतू आत जाऊन नीडल व्हॉल्व्हमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल थांबवणाऱ्या सुईसारख्या झडपेत) अडकतात आणि मग कार्ब्युरेटरच ओसंडतो.

उत्तर (खानापूर)

वरील सर्व बरोबर आहे. फक्त ओल खरोखर नळीचीच आहे, याची आधी खात्री करावी. जोड कोरडा पुसून त्याभोवती पांढरा कागद गुंडाळावा आणि इंजिन दोन मिनिटे चालवावे. कागद कोरडा राहून ओल वरून उतरत असेल, तर दोष फ्लोटचा (नीडल उघडझाक करणाऱ्या आतल्या तरंगत्या डबीचा) किंवा नीडलचा आहे. पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटला असेल, तर पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरू शकते, म्हणून डिपस्टिकचा (तेल मोजायच्या पट्टीचा) वासही घ्यावा.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

माझी ॲम्बेसेडर आहे, पण दुखणे हेच होते. सकाळचा लांबणारा सेल्फ आणि घाटात सुटणारा दम यांचा कार्ब्युरेटरपाशी दिसणाऱ्या ओलीशी संबंध नसावा, असे मला वाटते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल दाबाने नव्हे, ओढीने येते. तिथल्या जोडाला बारीक फट असेल, तर थेंब पडत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. जमीन कोरडी दिसते, म्हणून कोणी तिकडे पाहत नाही. रात्री नळीतले पेट्रोल टाकीकडे मागे सरकते, आणि चढावर जास्त पेट्रोल लागते तेव्हा पंप हवाच ओढतो. पंपाच्या अलीकडे तात्पुरता वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालू ठेवावे. बुडबुडे सतत दिसले, तर मागच्या बाजूचे सगळे रबरी तुकडे बदलावेत. पारदर्शक नळीचा मला माहीत असलेला एवढाच उपयोग आहे, आणि तपासणी होताच तीही काढून टाकावी.

प्रश्नकर्ता (निपाणी)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी तपासले. पुढची क्लिप उंचवट्यावरच बसलेली होती आणि कागद तिथेच भिजला. पारदर्शक तुकड्यात बुडबुडे दिसले, म्हणून गाडीखाली शिरून टाकीजवळचा रबरी तुकडा काढला, तर तो वाकवताच त्याला आडव्या भेगा दिसल्या; बहुधा गाडीबरोबर आलेलाच तो असावा. दोन्हीकडे आर-९ होज घातली आहे. काल सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन लागले, आणि तवंदी घाट वर येईपर्यंत गाडीने एकदाही दम सोडला नाही. वडील शेजारी बसले होते.