गाडी ऑइल खातेय: नुसत्या रिंगा बदलू की बोअरच करून घेऊ?

मंडळी, गाडी 1998 ची. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. कुठली ते सांगायला नको, निम्मे लोक तिच्यावरच चालवायला शिकलेत. अण्णांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. मीटर दीड लाखावर बंद पडला, त्यालाही चार वर्षं झाली.

दुखणं असं की दर 600 किलोमीटरला लिटरभर ऑइल गायब. पार्किंगमध्ये खाली थेंब नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. म्हणजे जळतंयच. गेल्या महिन्यात फोंडा घाटाने कणकवलीला जाऊन आलो. येताना चढणीला दुसऱ्या गिअरवर जरा पाय दाबला की आरशात निळ्या धुराशिवाय काही दिसेना. मागचा एसटीवाला हॉर्न मारून मारून दमला. दाजीपूरला थांबलो, इंजिन चालू ठेवूनच ऑइल टाकायचं झाकण काढलं, तर आतून भकाभका धूर. झाकण तिथेच उलटं ठेवलं तर थयथय नाचायला लागलं.

घरी येऊन मित्राच्या गेजवर कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब) बघितलं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडे पीएसआयमध्ये: पहिला 155, दुसरा 150, तिसरा 105. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत: 162, 158, 145. तिसऱ्याचा प्लग तर तळणीतून काढल्यासारखा तेलकट होता.

आता घोळ. (नवख्यांसाठी: रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, बोअर म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते सिलिंडरचं भोक, आणि बोअर करणं म्हणजे ते भोक मोठं कापून मोठा पिस्टन घालणं.) आमचे मिस्त्री म्हणतात, "हेड उघडू, रिंगा टाकू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." उद्यमनगरातला लेथवाला म्हणतो, बोअर केल्याशिवाय मी हात लावत नाही. दोघांच्या खर्चात जवळपास अडीच पट फरक आहे. दोघांचाही धंदाच आहे, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळेना. ज्यांनी स्वतः इंजिन उघडलंय त्यांनी सांगा.

इंजिनवेडा:
घाट उतरताना धूर होता का? म्हणजे गिअरमध्ये पाय सोडून खाली आलास आणि तळाला परत अॅक्सिलरेटर दिलास तेव्हा?

धागाकर्ता:
नाही दादा. उतरताना साफ. सकाळी पहिल्या स्टार्टलाही नाही.

इंजिनवेडा:
मग व्हॉल्व्ह सीलवरचा (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणारं रबर) संशय बराच कमी झाला. सील गेले असतील तर पाय सोडल्यावर इनटेकमधली ओढ वाढते, ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत खेचलं जातं आणि परत दाबल्यावर भपकारा येतो. रात्रभर ठिबकलेलं सकाळी पहिल्या स्टार्टला जळतं. तुझा धूर लोडवर आहे, आणि ऑइल सोडल्यावर तिसरा 105 वरून 145 वर गेला. व्हॉल्व्ह गळत असता तर ऑइलने एवढा फरक पडला नसता. रिंगाच, किंवा बोअर, किंवा दोन्ही. हेड निघतंयच तर सील मात्र नवे टाक, ते पैसे वाचवू नकोस.

रिंगा की बोअर हे मिस्त्रीही सांगू शकत नाही आणि लेथवालाही नाही. बोअर गेज सांगतो. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत आणि आडवं. सहा मापं. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजतो, कारण स्फोटाचा दाब तिथेच रिंगेला भिंतीवर रेटतो आणि तिथे ऑइलचा थरही पातळ असतो. आता गणित बघ. बोअर वर 0.10 मिमीने मोठा असेल तर रिंगेचं तोंड (तिच्या दोन टोकांतली फट) प्रत्येक फेरीत 0.3 मिमी उघडतं आणि मिटतं. 3000 आरपीएमला मिनिटात 3000 वेळा. नवी रिंग असली तरी ती किती दिवस टिकणार?

सासुरवाडी_एक्सप्रेस:
एवढ्या खर्चात सेकंड हँड गाडी येईल की राव. नाहीतर डिकीत ऑइलचा कॅन ठेव आणि चालव.

धागाकर्ता:
कॅन डिकीतच आहे. पीयूसीवाला बाहेर काढतो त्याचं काय करू? आणि ही विकली तर अण्णा जेवायचे नाहीत.

लेथपाशी_गेलेलं_आयुष्य:
भावा, इंजिन खाली उतरवायची गरज नाही. टायमिंग बेल्ट आणि हेड काढ, खालून ऑइल चेंबर काढ, कनेक्टिंग रॉडच्या कॅप सोडव आणि पिस्टन वरून बाहेर घे. कॅपवर आधी सेंटर पंचने नंबर मार. एकीची दुसरीला लागली तर बेअरिंगची वाट लागेल.

पिस्टन काढण्याआधी बोअरच्या वरच्या टोकाशी नख फिरव. नख अडलं तर तिथे कड तयार झालीय. जुनी रिंग तिच्याबरोबरच झिजलेली असते, नवी मात्र जाऊन तिच्यावर आपटते आणि तुटते. नुसत्या रिंगा टाकून महिन्याभरात परत आलेल्या किती गाड्या बघितल्यात.

माप चांगलं आलं तर होनिंग (बोअरची भिंत दगडाने घासणं) कर, चमकणाऱ्या भिंतीवर रिंग बसत नाही, तिरके जाळीदार ओरखडे लागतात. होनिंगनंतर साबणाच्या गरम पाण्याने धू, नुसत्या पेट्रोलने त्यातली कुरुंदाची भुकटी निघत नाही. नवी रिंग एकटी बोअरमध्ये घाल, पिस्टन उलटा करून तिला सरळ ढकल आणि फिलरने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तोंडातली फट मोज. तुझा बोअर 68.5 मिमीचा, म्हणजे पाव मिमीच्या आसपास यायला हवी. आणि ज्या बाजूला ठिपका किंवा अक्षर असेल ती वर. हे विसरलास तर सगळं फुकट.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):
उघडलं. तिसऱ्या बोअरला नख चक्क अडलं. गेजवर झीज पहिल्या दोघांची 0.05 आणि 0.06 मिमी, तिसऱ्याची 0.14. लेथवाला काही बोलला नाही, फक्त गेज माझ्याकडे फिरवून दाखवला.

पण खरी गंमत पुढे. तिसऱ्या पिस्टनची दुसरी रिंग धुऊन बघितली तर ठिपका खाली! म्हणजे आधी कुणीतरी रिंगा टाकल्यात आणि ही उलटी बसवलीय. त्या रिंगेची कड तिरकी असते, खाली जाताना ऑइल खरवडायचं तिचं काम. उलटी बसली की तीच ऑइल वर ढकलते.

अण्णांना विचारलं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "2011 ला काम केलं होतं. तेव्हाही बोअर करा म्हणत होते, मीच नको म्हटलं."

तिन्ही बोअर 0.50 मिमीने मोठे करतोय, पिस्टन आणि रिंगांचा सेट मिळालाय. आता एवढंच सांगा: पहिल्या 500 किलोमीटरला साधं मिनरल ऑइल घालू ना? आणि फोंडा घाट किती दिवस टाळू?

लेथपाशी_गेलेलं_आयुष्य:
मिनरलच. 500 ला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदल. नुसतं जागेवर आयडलिंगला ठेवू नकोस, रिंगा बसायला थोडा लोड लागतो. घाट टाळू नकोस, फक्त गिअर खाली घेऊन शांतपणे चढ. आणि अण्णांना शेजारी बसव.