विषय: कम्युनिटी कॉलेजात नृत्य, पुढे नोकरीचं काय?

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा बारावीत आहे. लहानपणापासून कथक शिकते आणि आता म्हणते, इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात नृत्यच घेणार. आमचा विरोध नाही, पण दोन वर्षांनी हातात काय पडेल? तिच्या बाबांचं म्हणणं, कॉम्प्युटर घे आणि नाच शनिवार-रविवारी कर. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहाल का?

मानसी, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)

---

मानसी,

मी इथे नृत्य शिकवते. माझ्याकडच्या काही मुली याच वाटेने गेल्या, म्हणून लिहिते.

खर्चाची काळजी नको. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासाचं माप) ४६ डॉलर पडतात, म्हणजे पदवीच्या ६० युनिटांचे २,७६०. पूर्णवेळ शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना बरीच कॉलेजं तेही माफ करतात.

पण नुसत्या त्या दोन वर्षांच्या पदवीवर नोकरीची भिस्त ठेवू नका. तिथून चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात हवं. लाँग बीच स्टेटसारख्या ठिकाणी नृत्यासाठी ऑडिशन द्यावी लागते आणि आपल्या मुली अडतात त्या तिथेच. कथकची चक्कर टाचेवर फिरते, बॅलेची पावलाच्या पुढच्या भागावर. तत्कारात, म्हणजे कथकच्या पदन्यासात, अख्खा तळवा जमिनीवर पडतो. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळवायचा आणि बोटं ताणायची. मॉडर्न डान्समध्ये तर जमिनीवर पडायचं, लोळायचं, त्याच झोकात उठायचं. इतक्या वर्षांचं अंगवळणी पडलेलं एका सत्रात सुटत नाही. म्हणून बॅले आणि मॉडर्न दोन्ही वर्षं सोडायचं नाही. शक्य असेल तर आत्ताच, हायस्कूलमध्ये असताना, कॉलेजचा एखादा वर्ग लावा. आणि कथक मुळीच बंद करू नका, तिची ओळख तीच आहे.

आता नोकरी. कंपनीत नाचणाऱ्यांचं काम बहुतेक कंत्राटी असतं, जोडीला क्लास किंवा पिलाटेससारखा व्यायाम शिकवावा लागतो. स्थिर पगार आणि आरोग्यविमा हवा असेल तर सरकारी शाळा बघा. पूर्वी इथे पी.ई.च्या (शारीरिक शिक्षणाच्या) क्रेडेन्शियलवर, म्हणजे शिक्षकाच्या परवान्यावर, नृत्य शिकवत. २०१६च्या कायद्याने नृत्याचं स्वतंत्र क्रेडेन्शियल आलं. नोव्हेंबर २०२२मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ हा कायदा मंजूर केला आणि शाळांतल्या कलाशिक्षणाला दरवर्षी वेगळा निधी मिळू लागला. ५०० किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या शाळा-डिस्ट्रिक्टना त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करावे लागतात. बी.ए.नंतर क्रेडेन्शियलचा साधारण एक वर्षाचा अभ्यास असतो. नृत्योपचाराकडे ओढा असेल तर मात्र मास्टर्स लागतं.

तिच्या बाबांना माझ्यातर्फे सांगा, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आपल्याला काय हवं ते इतकं स्पष्ट कळतंय, ही साधी गोष्ट नाही. शरीर या वयात जे उचलतं ते पुढे उचलत नाही. कॉम्प्युटर तिशीतही शिकता येतो.

स्मिता

---

स्मिताताई,

मनापासून आभार. क्रेडेन्शियलचं आजच ह्यांना वाचून दाखवलं, शांतपणे ऐकलं. एकच शंका: कॉलेजातला ॲनाटॉमीचा वर्ग युनिव्हर्सिटीत धरतात का?

मानसी

---

मानसी,

ते कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कुठली त्यावर आहे. असिस्ट डॉट ऑर्गवर दोन्ही नावं टाका, कुठला वर्ग कशाच्या बदल्यात धरतात ते दिसेल. तो कागद घेऊनच कौन्सेलरला भेटा. आणि ऑडिशनच्या तयारीसाठी तिला माझ्याकडे खुशाल पाठवा.

स्मिता