कॉफीची पाकिटं फुगतात, गिऱ्हाईक परत आणतं. माल खराब झाला का?

घाटपायथा:

नमस्कार मंडळी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना धामणगाव गढीच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे आपलं टिनाचं. चहा, भजी, आलुबोंडा, सुटीच्या दिवशी रबडी. पावसाळ्यात वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि दर तिसरा माणूस विचारतो, "कॉफी मिळते का, बिया घरी न्यायला?" म्हणून गेल्या दिवाळीपासून भाजलेल्या बियांची पाव-पाव किलोची पाकिटं ठेवायला लागलो. माल एका मोठ्या शहरातून मागवतो, पाच किलोची एक पिशवी येते. ती फोडून पाकिटं आम्हीच भरतो. सीलिंग मशीन आमच्या बचत गटाचं, पापड-कुरडयांसाठी घेतलेलं.

आता अडचण अशी की माल ताजा आला की दोन-तीन दिवसांत पाकिटं टम्म फुगतात. लोकांना वाटतं नासलं. अमरावतीची एक बाई तर परत येताना पाकीट टेबलावर ठेवून गेली, पैसेही मागितले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुसरं म्हणजे मे महिन्यात उरलेला माल तेलकट दिसायला लागला आणि त्याला जुन्या तेलासारखा खवट वास यायला लागला. दीर म्हणतात फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये दूध, खवा, कोथिंबीर सगळं आहे आणि इकडची लाईट तर तुम्हाला माहीतच आहे. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "भाजल्याची तारीख कुठे आहे?" आम्ही तर भरल्याची तारीख टाकतो.

मोठ्या दुकानांत आणि भाजणाऱ्यांकडे हे कसं सांभाळतात? महागडं मशीन सांगू नका.

वऱ्हाडी_गडी:

ताई, काऊन घाबरून रायल्या? फुगलं म्हणजे माल ताजा हाय. गिऱ्हायकाले तसंच सांगा. खवट वासाचं मले काई समजत नाई, म्या चाय पेतो.

भट्टीवाला:

ताई, बंगळुरात एका रोस्टरीत (कॉफी भाजायच्या कारखान्यात) बरीच वर्षं काढून आता अचलपूर तालुक्यात परत आलोय. वडिलांच्या कापसाच्या गोदामात लहान भट्टी टाकली आहे. नाव सांगत नाही, नाहीतर लोक म्हणतील जाहिरात करून राहिला.

पहिले फुगण्याचं. बी भाजताना तिच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बराचसा आतच अडकून राहतो. भट्टीतून काढल्यावर तो बाहेर यायला लागतो, पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात, पुढे एक-दोन आठवडे थोडा थोडा. किलोभर बियांतून काही लिटर गॅस निघतो. पापडाच्या पिशवीतून त्याला वाट नाही, म्हणून ती फुगते, कधी सीलवर उकलतेही. तेव्हा माल पाठवणाऱ्याने तुम्हाला जुना माल दिला नाही, हे नक्की. पण गडीभाऊ म्हणतात तेही अर्धंच. भाजल्यावर लवकर भरलं एवढंच फुगलेलं पाकीट सांगतं. आज आत काय अवस्था आहे, ते त्यावरून कळत नाही.

कॉफीच्या चांगल्या पाकिटावर वरच्या बाजूला बटणासारखं काहीतरी दिसतं, त्याला बारीक छिद्रं असतात. तो एका बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह. आत दाब वाढला की त्यातला रबराचा पातळ पडदा उचलला जातो आणि गॅस निघून जातो. दाब उतरला की पडदा परत बसतो, बाहेरची हवा आत येत नाही. लोक पाकीट दाबून तिथे नाक लावतात. व्हॉल्व्ह त्यासाठी नसतो, पण लावू द्या, निम्मी विक्री त्या वासावर होते. मोठे कारखाने सील करण्याआधी पिशवीत नायट्रोजन सोडून हवा हाकलतात. तुम्हाला त्याची गरज नाही. पिशवी गच्च भरायची, वरची हवा दाबून काढायची आणि मग सील करायची. पिशवी मात्र आतून फॉइल असलेली घ्या. पारदर्शक पिशवीतून माल छान दिसतो आणि उन्हाने तितकाच छान बिघडतो.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकात हवा, ओल, उजेड आणि उष्णता हे चार वैरी एका ओळीत लिहितात. बंगळुरात मीही तसंच घोकलं होतं. आपल्याकडे मात्र उष्णता सगळ्यांच्या पुढे. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांना महिनाभर बरा राहणारा माल मे महिन्यात टिनाखाली ४५ अंशांत ठेवला तर तो चौपट वेगाने म्हातारा होणार. आठवडाभरात वासावर येईल. कॉफीच्या बीत तेल असतं, आणि त्या तेलाला हवा लागली की खवटपणा येतो. भाजणी जितकी काळी, तितकं तेल वर येतं. त्यामुळे नुसता तेलकटपणा दिसला म्हणून माल खराब समजू नका, काळ्या भाजणीची बी ताजी असतानाही चकाकते. वास घ्या. उघड्यावरचे फुटाणे पावसाळ्यात सादळले की दाताला लगेच कळतं, कॉफीचं नाकाला कळतं.

भाजणारे लोक काय करतात विचारलंत. खरं सांगू का, त्यांच्याकडे जादूचा डबा नसतो. कच्ची, हिरवी बी १० ते १२ टक्के ओलाव्याची असली आणि कोरड्या, थंड जागी ठेवली तर कित्येक महिने चांगली राहते. भाजली की गोष्ट आठवड्यांवर येते. दळली की दिवसांवर, आणि पहिल्या काही तासांतच बराच वास उडून जातो, कारण पूड झाली की हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो. म्हणून शहाणा भाजणारा माल होईल तितका वेळ कच्चाच ठेवतो. सोमवारपर्यंत ऑर्डर घ्यायच्या, मंगळवारी तेवढंच भाजायचं, बुधवारी पाठवायचं. दुकानदार बी अख्खी ठेवतो आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की दळतो. दक्षिणेतल्या जुन्या कॉफीपूड दुकानांत अजून असंच चालतं. लोक शंभर-दोनशे ग्रॅम घेतात, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के ते सांगतात, समोर दळून घेतात आणि आठवड्याने परत येतात. घरी किलोभर साठवत नाहीत. (चिकोरी हवेतली ओल ओढून घेते, पावसाळ्यात तिच्या गाठी होतात. मिश्रण विकायचं असेल तर हे लक्षात ठेवा, आणि लेबलवर कॉफी किती, चिकोरी किती हे छापावंच लागतं.)

कॅफेवाल्यांची एक वाईट खोड सांगतो. ग्राइंडरवरचा काचेचा हॉपर, म्हणजे बी ओतायचं भांडं, दिसायला छान म्हणून गळ्यापर्यंत भरून ठेवतात. तो मशीनच्या उबेत, दिव्याखाली दिवसभर उभा. हॉपरमध्ये दोन-तीन तासांपुरती बी घालावी, रात्री उरलेली काढून बंद डब्यात टाकावी आणि हॉपरच्या आतला तेलाचा थर पुसावा. तो थर कोणी पुसत नाही. नव्या मालाला जुना वास तिथून लागतो.

तर ताई, पाच किलोची पिशवी बंद करा. तीच तुमच्या त्रासाचं मूळ आहे असं मला वाटतं. ती फोडली की सगळ्या मालाला हवा लागते, मग तुम्ही भरेपर्यंत परत लागते. भाजणाऱ्याला सांगा, व्हॉल्व्हच्या पाव किलोच्या पिशव्या तिकडेच भरून पाठव, भाजल्याची तारीख टाकून. दोन पैसे जास्त घेईल. उन्हाळ्यात भाजल्यापासून तीन आठवड्यांत विकली जातील एवढीच मागवा, कमी पडली तर पडू द्या. "संपली, पुढच्या शनिवारी येईल" असं गिऱ्हाइकाला सांगायला लाजायचं कारण नाही. आणि भाजल्या दिवशीचीही कोणाला देऊ नका. गॅस भरलेल्या बीवर पाणी नीट उतरत नाही. फिल्टरसाठी चार-पाच दिवस, मशीनच्या कॉफीसाठी आठवडाभर तरी थांबावं.

हिंगणघाटकर:

भट्टीवालेजी, फ्रिजचं राहिलं. मी महिन्याला किलोभर मागवतो, कारण इथे दुकान नाही. फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मला तरी फरक लागत नाही. बायको म्हणते हा सगळा शहरी चोचला आहे.

भट्टीवाला:

फ्रिज आणि फ्रीजर वेगळे धरा. फ्रिजमध्ये ओल असते, सगळ्या भाज्यांचे वास असतात आणि कॉफी ते ओढून घेते. फ्रीजर चालतो, आणि चांगला चालतो, पण दोन अटींवर. पाकिटं लहान करून हवाबंद ठेवायची, एका वेळी आठवड्याचं एकच काढायचं. आणि काढल्यावर ते पूर्ण नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर थंड बीवर हवेतलं पाणी जमतं. एकदा उघडलेलं परत आत टाकू नये. तुमच्याकडे लाईट टिकत असेल तर तुमची पद्धत बरोबर आहे. घाटपायथा ताईंच्या खवा-कोथिंबिरीच्या फ्रिजला मात्र नाही म्हणा. वहिनींना सांगा, चोचला असला तरी स्वस्तातला आहे.

दरीकाठ:

मी चिखलदऱ्याचा. वर कॉफीची झाडं इंग्रजांच्या काळापासून आहेत. आमच्या घराभोवतीही थोडी आहेत, घरापुरतीच निघते. कच्च्या मालाबद्दल भर घालतो. जुलै-ऑगस्टमध्ये वर दिवसचे दिवस धुकं हटत नाही, भिंती ओल्या राहतात. नुसत्या तागाच्या पोत्यातली बी तेव्हा ओल धरते, रंग उडतो, बुरशीही येते. म्हणून पावसाळ्याआधी पोत्याच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर घालून तोंड बांधतो आणि पोतं भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवतो. मिरचीच्या खोलीत ठेवायचं नाही, हे आजीने शिकवलं. मलबार किनाऱ्यावर हीच पावसाळी हवा मुद्दाम देतात. गोदामात बी पसरून, उलथून तिला फुगू देतात, ती पिवळट होते, आंबटपणा जातो आणि 'मान्सून्ड मलबार' म्हणून विकली जाते. पण ते ठरवून, लक्ष ठेवून केलेलं असतं. आपली आपोआप होते ती नुसती सादळलेली.

आणखी एक, राग मानू नका ताई. तुमचा माल कुठला आहे? चिकमगळूरचा असेल तर पाकिटावर चिकमगळूर लिहा. वर येणारे लोक "इथली" समजून घेतात. वरच्या बाजारातही असं चालतं, म्हणून बोललो.

घाटपायथा:

सगळ्यांचे आभार. दरीकाठ भाऊ, राग कशाचा? माल कर्नाटकातलाच आहे. कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, पण पाकिटावर लिहिलेलं नाही हे खरं. पुढच्या लेबलवर येईल. भाजणाऱ्याशी आज बोलले, पाव किलोच्या व्हॉल्व्हच्या पिशव्या द्यायला तो तयार आहे.

भट्टीवाले दादा, दोन गोष्टी राहिल्या. फुगलेली दहा-बारा पाकिटं आत्ता दुकानात आहेत, दीर म्हणतात टाचणीने भोक पाडून हवा काढू आणि वर चिकटपट्टी लावू. आणि मेमधला खवट माल अजून पडून आहे, तो चांगल्यात मिसळून इथेच कॉफी करून संपवला तर?

भट्टीवाला:

टाचणी नको. भोकातून गॅस जाईल तशी हवाही येईल, आणि चिकटपट्टी दोन दिवसांत सुटते. ती पाकिटं विकू नका, फोडून हॉटेलात वापरा. थोडी थोडी दळा, माल ताजा आहे, कॉफी चांगलीच होईल. त्या दिवसांत फळ्यावर लिहा, "बिया समोर दळून मिळतील", बघा काय होतं ते.

खवट माल मिसळू नका. दुधा-साखरेत लपेल असं वाटतं, पण लपत नाही. चांगली कॉफी पिणारा एक घोट घेतो आणि परत येत नाही, तक्रारही करत नाही. सगळी टाकून द्या, नाहीतर दळून उघड्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवा, खव्याच्या बाजूचा वास कमी होतो. तेवढ्यापुरता दिरांचा फ्रिज कामी येईल.

घाटपायथा:

बरं. मग पंधरवड्याला आठ पाकिटं मागवते. एसटीच्या पार्सलने परतवाड्यापर्यंत येतील का नीट?

भट्टीवाला:

येतील. रात्रीच्या गाडीने टाकायला सांगा, दुपारच्या नको, आणि टपावर तर अजिबात नको. सकाळी डेपोतून लगेच उचला. तिथे पार्सलं उन्हात पडलेली असतात.