दोघांच्या स्वयंपाकघरासाठी रोजच्या वापराची कोणती साधने घ्यावीत?

लहान_ओटा:
नमस्कार. पुढील महिन्यात आम्ही दोघे पुण्यात भाड्याच्या घरात राहायला जात आहोत. ओटा जेमतेम पाच फुटांचा आहे, शेगडी दोन बर्नरची आहे आणि सकाळी नऊच्या आत डबे भरून दोघांनाही बाहेर पडायचे असते. पोळी-भाजी, वरण-भात, अधूनमधून उसळ आणि सुटीच्या दिवशी घावन किंवा थालीपीठ, इतकाच आमचा स्वयंपाक. दुकानात गेले की चॉपर, एअर फ्रायर, फूड प्रोसेसर असे सगळेच आवश्यक वाटू लागते. रोज खरोखर हाताशी लागणारी साधने कोणती आणि ती घेताना काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वरणफळ:
सर्वांत आधी कुकर घ्या, आणि तो निवडताना आपली डाळ-तांदळाची भांडी दुकानात नेऊन आत बसवून पाहा. पाच लिटरचा उभट कुकर असेल, तर एकावर एक भांडी ठेवून वरण, भात आणि बटाटे एकाच बर्नरवर होतात आणि दुसरा बर्नर पोळ्यांसाठी मोकळा राहतो. आपल्या वेळापत्रकात हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरेल. उसळीसाठी पुढे वाटल्यास दोन-तीन लिटरचा दुसरा घ्यावा. कुकरमधील वाढलेल्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. मात्र एकदा पूर्ण दाब आला की मोठ्या आचेने तापमान आणखी वाढत नाही, केवळ वाफ आणि गॅस वाया जातो. त्यामुळे पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून मिनिटे मोजावीत. शिट्ट्यांचा हिशेब आचेनुसार आणि कुकरच्या बनावटीनुसार बदलतो, आणि ‘आमच्याकडे तीन शिट्ट्यांत होते’ हे वाक्य दुसऱ्याच्या घरी फारसे उपयोगी पडत नाही. कुकर घेतानाच एक जादा गास्केट आणून ठेवा.

खमंग_फोडणी:
कुकरनंतर मिक्सर. ५०० ते ७५० वॅटचा चालेल, परंतु वॅटपेक्षा चटणीच्या लहान भांड्याकडे अधिक लक्ष द्यावे. दोघांपुरते वाटण मोठ्या भांड्यात पात्याखालीच फिरत राहते आणि बारीक होत नाही. दाण्याचे कूट करायचे असेल, तर दाणे भाजून पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवल्यास दाण्यांना तेल सुटून गोळा होतो. घट्ट वाटण करताना मिक्सर अचानक बंद पडला, तर दुरुस्तीला नेण्याची घाई करू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लाल बटण असते. प्लग काढून, मोटर थंड होऊ देऊन ते दाबले, की बहुधा मिक्सर पुन्हा सुरू होतो.

एअर फ्रायर आपण लिहिलेल्या स्वयंपाकात कुठेच बसत नाही. पाच फुटांच्या ओट्यावर तर मुळीच नाही.

लहान_ओटा:
दोघांचेही आभार. भाजी चिरण्यासाठी विळी घ्यावी की सुरी? शिवाय आजीचा बिडाचा तवा घरी आहे. तो बराच गंजलेला असल्याने नॉनस्टिक घेण्याचा विचार चालू आहे.

वरणफळ:
खाली बसून चिरण्याची सवय नसेल, तर चांगली सुरी आणि लाकडी पाट पुरे. विळीची उणीव जाणवते ती नारळ खोवताना. त्यासाठी ओट्याला रबरी बुडाने घट्ट चिकटणारी, दांडा फिरवून चालणारी खवणी मिळते. ओटा गुळगुळीत असेल तरच ती नीट चिकटते, एवढे पाहून घ्या.

कोकणी_घावन:
बिडाचा तवा टाकून देऊ नये, ही विनंती. नॉनस्टिकचा लेप फार तापलेला चालत नाही. २६० अंशांच्या पुढे तो खराब होऊ लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर तितके तापमान सहज गाठले जाते. बिडाला ती अडचण नाही. गंज तारेच्या घासणीने आणि जाड मिठाने घासून काढावा, तवा धुऊन लगेच गॅसवर कोरडा करावा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा आणि आपोआप गार होऊ द्यावा. काळा तुकतुकीत थर दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. पुढे प्रत्येक घावनाआधी तेलात बुडवलेला अर्धा कांदा तव्यावर फिरवला, की घावन सुटून येते. तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र कधीही ओतू नका, बीड तडकते. भाकरीसाठी लोखंडी तवा वेगळा ठेवावा, कारण भाकरीच्या पाण्याने आणि कोरड्या आचेने घावनाच्या तव्यावरचा तेलाचा थर निघून जातो.