यूके सीझनल वर्कर व्हिसा: वाशीचा एजंट अडीच लाख मागतोय, भरावेत का?

कळवेकर_ताई:
नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो. धाकटा भाऊ बीकॉम झालाय, वय २४, भिवंडीला गोडाऊनमध्ये रात्रपाळी करतो आणि पगारात काही भागत नाही. त्याला वाशीत एक एजंट भेटलाय, म्हणतो यूकेत सहा महिने स्ट्रॉबेरी तोडायचं काम, राहायची सोय, व्हिसा गॅरंटीड, सगळे मिळून अडीच लाख, त्यातले पन्नास हजार ह्याच आठवड्यात भरा नाहीतर सीट जाईल. यूके नाही झालं तर तेवढ्यातच इटली करून देतो म्हणे. आई एफडी मोडायला निघालीये आणि माझी झोप उडालीये. असा व्हिसा खरंच असतो का, आणि एवढा खर्च येतो का? नक्की माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा.

घोडबंदरवाला:
ताई, आधी ते पन्नास हजार थांबवा, मग पुढचं वाचा.

व्हिसा खरा आहे. फळं, भाज्या, फुलांच्या कामाला जास्तीत जास्त ६ महिने मिळतो, बायको-मुलांना नेता येत नाही. पण ह्याची सुरुवात एजंटकडून होतच नाही. ब्रिटिश सरकारने मोजक्या स्कीम ऑपरेटरना, म्हणजे शेतांसाठी कामगार भरती करणाऱ्या संस्थांना, परवानगी दिलीये, त्यांची नावं सरकारी साइटवर उघड आहेत. त्यातल्या एकाने निवड करून सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा, म्हणजे ह्या माणसाला आम्ही कामाला घेतोय ह्या दाखल्याचा, नंबर दिला की मगच माणूस ऑनलाइन फॉर्म भरतो, फी भरतो आणि व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देतो. २०२५ मध्ये फी ३१९ पौंड होती, म्हणजे छत्तीस-सदतीस हजाराच्या घरात. शिवाय खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दाखवावे लागतात, ऑपरेटरने खर्चाची हमी घेतली तर तेही नाही, आणि ते पैसे आपलेच असतात, कोणाला द्यायचे नसतात. वर विमानाचं तिकीट. आता तुम्हीच हिशोब करा, अडीच लाख कुठून आले?

आणि गॅरंटी तर कोणीच देऊ शकत नाही. २०२५ ला शेतीच्या कामासाठी ४३,००० जागा होत्या, पण भरती मुख्यतः किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान ह्या बाजूने होते, आपल्याकडून माणसं फार कमी जातात. मिळालंच तर काम वाईट नाही. आठवड्याला सरासरी किमान ३२ तासांचा पगार द्यावाच लागतो, २१ आणि त्यावरच्यांना एप्रिल २०२५ ला ताशी किमान १२.२१ पौंड होते. फक्त कॅराव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं भाडं पगारातून कापतात, थंडीत पहाटे उठून वाकून वाकून काम, कंबरेचा पार भुगा होतो, हे भावाला आधीच सांगा.

कोपरखैरणे_सेक्टर१५:
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी आपल्या इथल्या कायद्याचं सांगते. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं रजिस्ट्रेशन लागतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाका, चालू एजंटची यादी दिसते. नुसती फ्लेक्स लावलेली व्हिसा कन्सल्टन्सी म्हणजे रिक्रूटिंग एजंट नव्हे, ह्यातच लोक फसतात. आणि रजिस्टर्ड असला तरी उमेदवाराकडून ३०,००० अधिक जीएसटी ह्याच्या वर सर्व्हिस चार्ज घेता येत नाही, पावती द्यावी लागते. शंका असेल तर बीकेसीला विदेश भवनमध्ये प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं, ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारा. कळव्याहून अर्धा दिवस जाईल पण एफडी वाचेल.

समीर_ऐरोली:
इटलीचं मुद्दाम लिहितोय कारण "नाहीतर इटली" हे ऐकून अंगावर काटा आला. तिथे अर्ज मालकाला करावा लागतो, ठराविक दिवशी ऑनलाइन, त्यावर नुल्ला ओस्ता नावाचं परवानगीपत्र येतं आणि मग इथे व्हिसा. मालक खरा नसेल तर माणूस तिकडे उतरतो, काम नाही, कागद होत नाहीत आणि मिळेल त्या शेतावर बेकायदेशीर राबायची वेळ येते. जून २०२४ ला रोमच्या दक्षिणेला लाटिना भागात आपल्या पंजाबच्या एका शेतमजुराचा हात मशीनमध्ये तुटला, तो कागदांशिवाय कामाला होता, हॉस्पिटलला न्यायचं सोडून त्याला घराजवळ टाकून गेले, दोन दिवसांत वारला बिचारा. पोरगा आपला आहे, एजंटचं काय जातंय?

नौपाडा_मी:
भाऊ ग्रॅज्युएट आहे ना, मग यूकेची यंग प्रोफेशनल्स स्कीम बघा. १८ ते ३० वय, डिग्री, वर्षाला भारतीयांसाठी ३,००० जागा, दोन वर्षं राहून जवळपास कुठलंही काम करता येतं, स्पॉन्सर लागत नाही. लॉटरी असते, तिचा फॉर्म फुकट भरता येतो. नंबर लागला तर मात्र खर्च मोठा, फी आहे, दर वर्षाचे ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, आहेत आणि खात्यात २,५३० पौंड दाखवायचे. पण एजंटची गरज शून्य.

कळवेकर_ताई:
सगळ्यांचे खूप खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, एफडी राहू दे म्हणाली. भावाने आत्ता फोन करून रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर एजंट म्हणाला "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा". पण भावाने ओरिजिनल पासपोर्ट त्याच्याकडे ठेवलाय, आता काय करू?

कोपरखैरणे_सेक्टर१५:
उद्या सकाळीच दोघं जाऊन घेऊन या ताई. पासपोर्ट सरकारची मालमत्ता असते, कुठल्याही एजंटला तो अडकवून ठेवता येत नाही. टाळाटाळ केली तर तिथूनच वाशी पोलीस स्टेशनला जाऊन लेखी तक्रार द्या, पासपोर्टची झेरॉक्स आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज सोबत ठेवा. आणि हातात आला की इथे कळवा.